प्रस्तावना : कपड्यांवरील तेलकट डाग आणि घरगुती धुलाई

कपड्यावर पडलेला तेलातुपाचा डाग ही घरगुती जीवनातील इतकी नित्याची बाब आहे की तिचा स्वतंत्र, शिस्तबद्ध विचार करावा ही कल्पनाच अनेकांना अतिशयोक्त वाटेल. परंतु या नित्यपणामुळेच या विषयाभोवती तोंडी उपायांचे जे रान माजले आहे, ते पाहता असा विचार करण्याची गरज उघड होते. लिंबू लावावे, मीठ चोळावे, खाण्याचा सोडा भुरभुरावा, टूथपेस्ट फासावी, गरम पाणी ओतावे, अशा सूचना घरोघर आणि मासिकांच्या गृहोपयोगी सदरांतून पिढ्यानुपिढ्या फिरत आल्या आहेत. त्यांतील काही खऱ्या आहेत, काही निरुपयोगी आहेत, तर काही नुकसान करणाऱ्या आहेत. मात्र डाग कोणत्या तेलाचा, तो कोणत्या धाग्यावर पडला आणि पडून किती वेळ झाला, हे तीन प्रश्न त्यांतील बहुतेक सूचना विचारतच नाहीत. तेलकट डाग निघणे किंवा न निघणे हे साबण किती कडक आहे किंवा मनगटात किती जोर आहे यापेक्षा या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर, आणि त्यानुसार ठरणाऱ्या कृतींच्या क्रमावर अवलंबून असते. पुढील सर्व प्रकरणांमागचे सूत्र हेच आहे आणि ही प्रस्तावना त्याची पार्श्वभूमी मांडण्यापुरती आहे.

प्रथम डाग म्हणजे नेमके काय, हे पाहणे आवश्यक आहे, कारण डोळ्यांना जे दिसते ते या बाबतीत बरेच फसवे असते. सुती कापड पांढरे दिसते ते त्यातील असंख्य तंतू आणि तंतूंमधील हवा यांच्या सीमांवर प्रकाश वारंवार विखुरला जातो म्हणून. प्रकाशाची दिशा एखाद्या पदार्थात शिरताना किती बदलते हे दाखविणाऱ्या संख्येला अपवर्तनांक म्हणतात. खाद्यतेलांचा अपवर्तनांक सुमारे १.४७ असून तो कापसाच्या तंतूच्या अपवर्तनांकाच्या बराच जवळ आहे, त्यामुळे हवेची जागा तेलाने घेतली की प्रकाशाचे विखुरणे कमी होते आणि तेवढा भाग गडद, काहीसा पारदर्शक दिसू लागतो. शुद्ध तेलाला फारसा रंग नसतानाही त्याचा डाग ठळक दिसतो, त्याचे कारण हे आहे. याच कारणाने ओल्या कापडावर तेलाचा डाग जवळजवळ अदृश्य होतो, कारण पाण्यानेही तंतूंमधील हवा हाकललेली असते आणि सगळेच कापड सारखे गडद झालेले असते. धुतल्यावर पिळलेला सदरा उजेडात धरून ‘गेला डाग’ असा जो निर्वाळा दिला जातो, तो म्हणूनच बहुधा अकाली ठरतो. डाग गेला की नाही हे कापड पूर्ण वाळल्यावरच कळते. तसेच तेल पडल्या जागी थांबत नाही. तंतूंमधील बारीक पोकळ्यांतून द्रव आपोआप पुढे सरकतो, या क्रियेला केशाकर्षण म्हणतात, आणि तिच्यामुळे एक थेंब काही मिनिटांत रुपयाएवढा होतो. टाल्कम पावडर किंवा डाळीचे पीठ टाकण्याचा जो जुना उपाय आहे, तो याच क्रियेला उलट्या दिशेने कामाला लावतो: पावडरीच्या कणांमधील पोकळ्या कापडातील पोकळ्यांहून बारीक असल्या की तेल कापडातून पावडरीत ओढले जाते. परंतु त्यासाठी तेल द्रवरूप असावे लागते आणि कापड कोरडे असावे लागते. जेवणाच्या पंगतीत डाग पडताच त्यावर तांब्यातले पाणी लावण्याची जी प्रतिक्षिप्त सवय आहे, तिने हा सर्वांत स्वस्त उपाय पहिल्याच क्षणी निकामी होतो.

पाणी एकटे तेलाला हलवू शकत नाही, याची कारणमीमांसा पृष्ठताणापासून सुरू होते. द्रवाच्या पृष्ठभागावरील रेणू आतल्या रेणूंकडून ओढले जातात आणि त्यामुळे तो पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्यासारखा वागतो. या ताणाला पृष्ठताण म्हणतात. साध्या पाण्याचा पृष्ठताण २० अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ७३ मिलिन्यूटन असतो, तर खाद्यतेलांचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे तेल कापडावर सहज पसरते, आणि पाणी तेलाने माखलेल्या तंतूवर पसरण्याऐवजी थेंबांच्या रूपात गोळा होते.

पृष्ठताणाच्या या अभ्यासाचा एक महत्त्वाचा धागा प्रयोगशाळेतून नव्हे तर स्वयंपाकघरातून निघालेला आहे, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने आवर्जून लक्षात ठेवावी. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे राहणाऱ्या आग्नेस पॉकेल्स (१८६२–१९३५) यांना, त्या काळी तेथील विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद असल्यामुळे, औपचारिक उच्च शिक्षण मिळाले नाही. घर सांभाळत असताना भांडी धुण्याच्या पाण्यावर पसरणाऱ्या तेलकट तवंगाने पाण्याचा पृष्ठभाग कसा बदलतो याचे निरीक्षण त्यांनी केले, आणि एका उथळ कुंडात सरकती पट्टी बसवून तवंग दाबत व पसरवत पृष्ठताण मोजण्याची पद्धत स्वतःच शोधून काढली. भौतिकशास्त्र शिकणारा धाकटा भाऊ फ्रिड्रिश त्यांना पुस्तके पुरवीत असे. जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणे इंग्लंडमधील लॉर्ड रॅले यांना पत्राने कळविली आणि रॅले यांच्या शिफारशीने ती त्याच वर्षी मार्चमध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे अर्व्हिंग लँगम्युअर यांनी अशाच कुंडाची सुधारित आवृत्ती वापरली आणि पृष्ठरसायनशास्त्रातील कार्यासाठी त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. खरकट्या पाण्यावरच्या तवंगाकडे हजारो वर्षे कोट्यवधी बायकांनी पाहिले असेल. त्याचे मोजमाप करून ठेवण्याची सवड आणि साधने मात्र त्यांतील फार थोड्यांना मिळाली, हेही येथे नोंदवून ठेवलेले बरे.

तेल आणि तूप यांची रासायनिक घडण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्ह्रल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उलगडली आणि त्यांचा या विषयावरील ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. खाद्यतेले व तूप हे मुख्यतः ट्रायग्लिसराइड या वर्गातील पदार्थ आहेत, म्हणजे ग्लिसरिनच्या एका रेणूला मेदाम्लांचे तीन रेणू जोडलेले असतात. अशा पदार्थाला तीव्र अल्काबरोबर तापविले की ग्लिसरिन सुटे होते आणि मेदाम्लांचे क्षार उरतात. या क्रियेला साबणीकरण आणि उरलेल्या क्षारांना साबण म्हणतात. म्हणजेच तेलाचा डाग ज्याने काढायचा तो पदार्थ तेलापासूनच तयार झालेला असतो. साबणाच्या रेणूचे एक टोक जलस्नेही, म्हणजे पाण्याकडे ओढ असलेले, आणि उरलेली लांब शेपटी जलद्वेषी, म्हणजे पाण्यापासून पळून तेलात शिरणारी असते. अशा दुहेरी स्वभावाच्या पदार्थांना पृष्ठसक्रिय पदार्थ म्हणतात. ते पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून कमी करतात, तंतू आणि तेल यांच्या सीमेवर शिरतात, तेलाचा सपाट थर कडेकडेने उचलून त्याचा गोल थेंब बनवतात आणि सुटलेल्या थेंबाला वेढून पाण्यात तरंगत ठेवतात. एका द्रवाचे बारीक थेंब दुसऱ्या द्रवात असे पसरून राहिले की त्या मिश्रणाला पायस म्हणतात. यात लक्षात घेण्याची गोष्ट अशी की थर उचलला जाण्याची ही क्रिया आपोआप घडते, तिला वेळ लागतो, आणि ब्रशने करकचून घासण्याने ती फारशी लवकर होत नाही. घासण्याने तंतू मात्र तुटतात, कापडावर लव उभी राहते, आणि तेल निघून गेल्यावरही तो भाग वेगळा दिसत राहतो. तो विसविशीत पट्टा मग न निघालेला डाग समजून पुन्हा घासला जातो. साबण लावून काही वेळ स्वस्थ ठेवणे हा आळस नसून या कामातील सर्वांत फलदायी टप्पा आहे.

तंतू पाहून शोधक ठरविण्याची दृष्टी भारतीय परंपरेत जुनी आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे जे नियम आले आहेत, त्यांत रेशीम व लोकर यांच्यासाठी खारी माती, डोंगरी बकऱ्यांच्या लोकरीच्या कांबळ्यांसाठी रिठे, तलम पट्टवस्त्रांसाठी बेलफळ आणि जवसाच्या धाग्याच्या क्षौमवस्त्रांसाठी पांढरी मोहरी, अशी वस्त्रवार विभागणी केलेली आहे. त्या ग्रंथातील समाजविषयक विधानांशी आधुनिक वाचकाचे जे भांडण आहे ते योग्यच आहे. तरीही प्रत्येक कापडाला एकच औषध चालत नाही ही जाण त्या नियमांत स्पष्ट दिसते, आणि ती कपडे धुणाऱ्यांच्या हातांतून ग्रंथात आली असणार, ग्रंथातून हातांत नव्हे, असे मानण्यास हरकत नाही. रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन नावाचे नैसर्गिक पृष्ठसक्रिय पदार्थ असतात आणि त्याचे पाणी साबणाप्रमाणे अल्कधर्मी नसून किंचित आम्लधर्मी असते. रेशीम आणि लोकर हे प्रथिनांचे तंतू आहेत आणि अल्काने प्रथिने कमजोर होतात. त्यामुळे सोवळ्याचे रेशमी कद किंवा लोकरीची शाल रिठ्याच्या पाण्यात धुण्याची महाराष्ट्रातील जुनी रीत आजच्या रसायनशास्त्राच्या कसोटीवरही उतरते. सोवळ्याच्या कदाच्या बाबतीत तर ही रीत अपरिहार्यच होती, कारण जे वस्त्र समईत तेल घालताना, नैवेद्य वाढताना आणि वरणभातावर तूप सोडताना नेसायचे, ते अल्काला सर्वांत नाजूक असलेल्या धाग्याचेच असे.

सुती कापडाची गोष्ट वेगळी आहे. कापसाचा तंतू सेल्युलोजचा असतो, त्याला पाण्याची ओढ असते (सामान्य हवेतही तो आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो) आणि अल्काने त्याचे फारसे बिघडत नाही. परीट सुती कपडे सोड्याच्या पाण्यात भिजवून वाफेच्या भट्टीला लावीत ते त्यामुळेच. पॉलिएस्टरचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे: तो अर्धा टक्काही ओलावा धरत नाही, पण तेल मात्र घट्ट धरून ठेवतो. सुती-पॉलिएस्टर मिश्र कापडाचे सदरे आणि गणवेश आले, तेव्हा न चुरगळणे आणि लवकर वाळणे हे त्यांचे गुण सर्वांना दिसले. कॉलरीवरचा ओशटपणा पूर्वीच्या साबणाने का निघेनासा झाला, याचे कारण मात्र या तैलप्रेमी धाग्यात होते. कॉलरीवरचा हा मळ म्हणजे त्वचेतून स्रवणारे मेद, केसांना लावलेले तेल आणि धूळ यांचे मिश्रण असते आणि तोही तेलकट डागच होय. मळखाऊ रंग निवडून त्याच्यावर मात करण्याचा मध्यमवर्गीय तोडगा सर्वज्ञात आहे. त्याने डाग लपतो, तेल कापडातच राहते आणि कालांतराने त्याला खवट वास येऊ लागतो.

तेलाच्या प्रकाराचा विचार महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण येथील स्वयंपाकाचे तेल प्रदेशागणिक बदलत आले आहे: कोकणात खोबरेल, देशावर शेंगदाण्याचे, मराठवाडा-सोलापूरकडे करडईचे, विदर्भात जवसाचे. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठते आणि तूप त्याहून थोड्या अधिक तापमानाला, म्हणजे ३०–३५ अंशांच्या दरम्यान वितळते. त्यामुळे हिवाळ्यात पुण्या-नाशिकच्या गार पाण्यात या दोहोंचे डाग गोठलेल्या अवस्थेतच धुतले जातात आणि साबणाला उचलायला द्रव मिळतच नाही. कोमट पाण्याचा उपाय येथे पुरेसा आहे. करडई आणि जवस यांची अडचण याहून खोल आहे. या तेलांतील मेदाम्लांमध्ये दुहेरी बंध अधिक असतात, त्यांच्यावर हवेतील ऑक्सिजनची क्रिया होते, रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांचे जाळे बनते आणि द्रव तेलाचा चिवट, पिवळसर पापुद्रा होतो. या जोडणीला बहुवारिकीकरण म्हणतात. शेगडीमागच्या भिंतीवर आणि फळीवरच्या डब्यांवर जो चिकट थर बसतो तो याच क्रियेचा परिणाम होय. जवसाच्या तेलात ती सर्वांत वेगाने होते, म्हणून तर ते रंगकामात वापरले जाते. कच्छमधील निरोणा गावची रोगन कला तर तेल कापडावर कायमचे बसविण्यावरच उभी आहे: तेथे एरंडेल तेल दीर्घकाळ उकळून दाट केले जाते, त्यात रंग मिसळला जातो आणि त्या धाग्यासारख्या लगद्याने कापडावर नक्षी काढली जाते. निरोण्याचा कारागीर जे साधण्यासाठी तेल उकळतो, ते डाग असलेल्या सदऱ्यावर तापलेली इस्त्री फिरविणारा माणूस नकळत घडवून आणतो. उष्णतेने ऑक्सिजनची क्रिया वेगाने होते आणि पॉलिएस्टरच्या बाबतीत तंतू सैल होऊन तेल त्याच्या आतही शिरते. डाग गेल्याची खात्री होण्यापूर्वी इस्त्री करू नये, हा घरगुती धुलाईतील एकमेव नियम असा आहे की ज्याला जवळजवळ अपवाद नाही. टीपकागद वर-खाली ठेवून मेण किंवा गोठलेले तूप बेताच्या उष्णतेने कागदात उतरविणे, एवढाच काय तो अपवाद.

सायकलच्या साखळीचे किंवा यंत्राचे काळे वंगण हा वेगळाच वर्ग आहे. वंगणातील तेल खनिज असते, त्याचे साबणीकरण होत नाही, आणि त्यात धातूचे बारीक कण व काजळी मिसळलेली असते. त्यामुळे धुण्याचा सोडा अशा डागावर कितीही खर्च केला तरी वाया जातो. अशा वेळी आधी दुसऱ्या पातळ तेलाने वंगण विरघळवून सैल करणे आणि मग पृष्ठसक्रिय पदार्थाने दोन्ही तेले एकत्र काढणे, असा दोन पायऱ्यांचा मार्ग घ्यावा लागतो. खोबरेलाने डांबर सुटते किंवा निलगिरी तेलाने ग्रीस ढिले होते, हा लोकानुभव याच तत्त्वावर आधारलेला आहे.

याउलट मिसळीच्या तर्रीचा डाग एकाच वेळी दोन डाग असतो. तर्री म्हणजे तेल, आणि त्या तेलात विरघळलेली मिरचीतील लाल व हळदीतील पिवळी रंगद्रव्ये. ही रंगद्रव्ये पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत आणि तेलाच्या वाहनातूनच ती तंतूपर्यंत पोहोचतात. म्हणून तेल आधी काढल्याशिवाय रंग काढण्याचा प्रयत्न व्यर्थ असतो. तेल निघाले की उरलेल्या रंगाचे काम बरेचसे ऊन करते, कारण हळदीतील कर्क्युमिन आणि मिरचीतील कॅरोटिनॉइड द्रव्ये प्रकाशात विघटन पावून फिकट होतात. पांढऱ्या कपड्यावरील फिकट पिवळा ठसा दोन-तीन वेळा उन्हात वाळविल्यावर आपोआप जातो, हे पाहून तो साबणाचा प्रताप समजू नये. कर्क्युमिनचा आणखी एक गुण अनेकांना घाबरवतो: ते अल्कात लाल होते. हळदीच्या डागावर साबण लावताच तो लालभडक झाला म्हणजे कापड बिघडले असे मुळीच नाही; साबण नीट खळबळून काढला की पिवळा रंग परत येतो आणि मग उन्हाचे काम सुरू होते. श्रीखंड, बासुंदी, अंडाकरी यांच्या डागांत मेदाबरोबर प्रथिनेही असतात आणि प्रथिने गरम पाण्याने घट्ट बसतात. तेथे आधी थंड पाणी मागच्या बाजूने सोडून प्रथिने व साखर काढावी आणि नंतरच तेलाकडे वळावे. कोरड्या कापडाच्या नियमाला हा अपवाद ध्यानात ठेवावा लागतो.

सामान्य सुती वा मिश्र कापडावरील ताज्या तेलकट डागासाठीचा क्रम यातूनच ठरतो आणि तो थोडक्यात सांगता येतो. वरवरचे तेल टिपून घ्यावे, घासू नये. पावडर किंवा पीठ दाबून ठेवून काही तासांनी झटकावे. कोरड्या कापडावरच भांडी घासण्याचे लिक्विड थेंबभर लावून बोटाने हलके पसरावे आणि दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. मग त्या कापडाला चालेल तितक्या गरम पाण्यात नेहमीप्रमाणे धुवावे, सावलीत वाळवावे आणि वाळल्यावर पाहावे. डाग उरला असल्यास इस्त्री न करता हाच क्रम पुन्हा करावा. लिक्विड लावण्यापूर्वी शिवणीच्या आतल्या भागावर रंग उतरतो का, हे पाहणे शहाणपणाचे. कपडे धुण्याच्या पावडरीऐवजी भांड्यांच्या लिक्विडची शिफारस केली जाते, कारण ते मुख्यतः मेद काढण्यासाठीच बनविलेले असते, द्रवरूप असल्यामुळे कोरड्या तंतूंत लगेच शिरते, आणि त्यात धुण्याच्या पावडरीइतका अल्क नसतो.

साबणाची वडी की डिटर्जंट, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा पाण्यावर अवलंबून असते. विहिरींच्या व बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. अशा पाण्याला कठीण पाणी म्हणतात. त्यात साबण फेसाळत नाही आणि त्याचा न विरघळणारा चिकट साका बनतो, जो तेलासकट कापडावरच बसून राखाडी डाग तयार करतो. १८८८ मध्ये लीव्हर कंपनीच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कोलकाता बंदरात उतरल्या, १९१८ मध्ये गोदरेजने प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलापासून ‘चावी’ साबण काढला, १९५९ मध्ये सर्फ आणि १९६९ मध्ये करसनभाई पटेल यांची निरमा बाजारात आली. या क्रमात सोयीपलीकडचा खरा बदल हा की डिटर्जंट कठीण पाण्यातही काम करतात. याहून अलीकडचा टप्पा विकरांचा, म्हणजे विशिष्ट रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या जैविक प्रथिनांचा. मेदाचे विघटन करणारे लायपेज हे विकर धुलाईच्या पावडरीसाठी १९८८ मध्ये डेन्मार्कमध्ये जनुकीय तंत्राने मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. त्याची एक गंमत अशी की ते पाण्याने भरलेल्या बादलीपेक्षा कापड अर्धवट वाळलेले असताना अधिक काम करते, त्यामुळे त्याचा परिणाम पहिल्या धुण्यात कमी आणि पुढच्या धुण्यात जास्त दिसतो. वंगणाच्या खनिज तेलावर त्याचा काहीच उपयोग होत नाही, हे वेगळे सांगायला नको.

उरलेल्या लोकप्रिय उपायांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. लिंबू व व्हिनेगर ही आम्ले आहेत आणि मेदावर ती काही करीत नाहीत. खाण्याचा सोडा थोडे तेल शोषतो, त्या कामात पीठही त्याच्या बरोबरीचे आहे. व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून उसळणारा फेस पाहण्यास आकर्षक असला तरी तेथे दोघे एकमेकांना निकामी करतात आणि उरते ते साधे क्षारयुक्त पाणी. टूथपेस्टमध्ये थोडा फेसकारक असतो, पण त्याबरोबर घासणारी भुकटीही असते, आणि ती दातांसाठी आहे, रेशमासाठी नव्हे.

विद्रावकांचा, म्हणजे तेल स्वतःत विरघळवून घेणाऱ्या द्रवांचा विषय मात्र गंभीर आहे. रॉकेल घरोघर असे त्या काळी त्याने डाग काढणे सर्रास चाले आणि कारखान्यांत पेट्रोलही वापरले जाई. पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंशांवरही पेट घेऊ शकते, आणि कृत्रिम कापड चोळताना निर्माण होणारी स्थिर विजेची ठिणगीही त्यासाठी पुरते. घरात, विशेषतः बंद न्हाणीघरात किंवा पेटत्या शेगडीच्या आसपास, या द्रवांना स्थान नाही. ड्रायक्लीनिंगमध्ये दीर्घकाळ वापरले गेलेले पर्क्लोरोएथिलीन पेट घेत नाही, म्हणूनच ते विसाव्या शतकात पेट्रोलजन्य द्रवांच्या जागी आले. परंतु ते माणसात कर्करोगास बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनिंगमधील त्याचा वापर टप्प्याटप्प्याने थांबविण्याचा नियम केला आहे. धुण्याच्या यंत्राशेजारी गरम हवेचा ड्रायर वापरणाऱ्या घरांनी, परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तर विशेषकरून, आणखी एक धोका ओळखावा. बाळाच्या मालिशचे किंवा अंगाला लावलेल्या तेलाचे टॉवेल धुतल्यावरही त्यांत तेल उरते, ड्रायरमध्ये ते तापते, आणि गरम टॉवेलांचा ढीग तसाच साठवून ठेवला तर ऑक्सिजनच्या क्रियेने आतली उष्णता वाढत जाऊन तो स्वतःहून पेटू शकतो. असे टॉवेल गरम पाण्यात दोनदा धुऊन दोरीवर वाळवावेत.

जरीच्या वस्त्रांचा विचार या पुस्तकाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे आणि तो जाणूनबुजून ठेवला आहे. पैठणीत रेशीम, धातूची जर आणि कधी पाण्याने उतरणारा रंग हे तिन्ही एकत्र असतात, आणि एकाला मानवणारे दुसऱ्याला मानवत नाही. अशा वस्त्रावर तूप सांडल्यास पाणी, साबण वा रिठा यांपैकी काहीही लावू नये. टाल्कम पावडर टाकून ती झटकावी, वस्त्र लवकरात लवकर ड्रायक्लीनरकडे द्यावे, आणि देताना डाग कोठे आहे, कशाचा आहे व केव्हा पडला, हे त्याला न विसरता सांगावे.